बग्गीचं किट घेतलं त्याचा पूर्ण हिशोब, १४ महिन्यांनंतर

रेटिंग आधीच सांगून टाकतो, ५ पैकी ३. साडेतीन देणार होतो पण अर्धा स्टार बुशमुळं (चाकाच्या आर्मच्या सांध्यात बसणारी बारकी नळी) कापला, ते खाली येईलच.

मी जालन्याचा. शहरात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे आणि अंबड रोडला घरची ३ एकर मोसंबी. स्वतःच्या हातानं गाडी करायची हे खूळ कॉलेजपासून डोक्यात होतं पण लग्न, दुकान, बोअर, पोरांच्या फिया ह्याच्यात राहून गेलं. मागच्याच्या मागच्या दिवाळीत आंबिया बहाराला बरा भाव लागला, हातात चार पैसे आले, बायकोला वाटलं आता गोठ्यावर पत्रे पडतील आणि मी बग्गीचं, घोड्याची नाही, पाईपच्या सांगाड्याची उघडी गाडी असते तिचं, किट बुक करून बसलो. त्यावरून घरात जे झालं ते रिव्ह्यूत येत नाही.

लिहायचं कारण असं की पैसे भरायच्या आधी मी ४ रात्री मोबाईलवर शोधत होतो आणि मराठीत एक धड रिव्ह्यू सापडला नाही. सगळे व्हिडिओ हिंदीत, त्यात बी शेवटी गाणं लावून गाडी मातीत गोल फिरवून दाखवणार, पण पाईप किती एमएमचा, आत काय येतं काय नाही, कागदाचं काय, हे कोणी बोलत नाही. विकणाऱ्याचं नाव टाकत नाही. दुसऱ्या राज्यातला माणूस आहे, फसवणारा नाही, पण बोलण्यात आणि पार्सलमध्ये फरक आहे.

किट कार म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कंपनी तुम्हाला चासी, पार्ट आणि ड्रॉइंग देणार, इंजिन गिअरबॉक्स तुम्ही जुन्या गाडीतून काढायचा आणि घरी जोडायचं. इंग्लंडमध्ये लोटसनं १९५७ ला सेव्हन नावाची बारकी गाडी काढली ती अशीच सुट्टी विकायचे, कारण तयार गाडीवर तिकडं परचेस टॅक्स होता आणि सुट्ट्या पार्टवर नव्हता. किस्सा असा सांगतात की किटसोबत जोडायच्या सूचना दिल्या तर टॅक्स लागायचा, म्हणून त्यांनी गाडी खोलायच्या सूचना दिल्या, गिऱ्हाईकानं उलट्या वाचायच्या. १९७३ ला तो टॅक्स गेला आणि त्याच वर्षी सेव्हनचे हक्क कॅटरहॅमकडं गेले, ते आजपण तीच गाडी बनवतात. तर तिकडं लोक टॅक्स वाचवायला किट घ्यायचे आणि मी किटच्या ८२ हजारावर १८ टक्के जीएसटी वेगळा भरला, १४,७६० रुपये. असो.

पार्सल घरी येत नाही, ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनवर येतं, तिथून छोटा हत्ती करून आणायचं. आत ९६ पाईपचे तुकडे, त्यातले काही वाकवलेले, पुढच्या चाकांना धरणारे वरचे खालचे आर्म, मागच्या चाकाच्या दोन लिंका, एक सीट, पेडलचा डबा, पत्र्याचे ब्रॅकेट आणि २२ पानांची पीडीएफ पेनड्राइव्हमध्ये. सगळं मिळून वजन ८५ किलोच्या आसपास. गल्लीतले लोक जमले आणि जालन्यात लोखंड बघितल्यावर जो प्रश्न येतो तोच आला, किलोनं काय भाव पडलं? इथं अर्धं गाव सळईच्या रोलिंग मिलच्या जिवावर, लोखंडाला किलोशिवाय दुसरं माप असतं हे कोणाला पटतच नाही. शेजारच्या काकांनी मनातल्या मनात भागाकार केला आणि माझ्या तोंडाकडं असं बघितलं जसं काही घरात कोणी गेलंय.

पण इथंच मला ह्या किटची बाजू घ्यायचीय. किलोनं बघाल तर वेडे व्हाल, तेवढा पाईप कच्चा घ्यायला ५-६ हजार लागतात. तुम्ही पैसे देता ते पाईपच्या तोंडाचे. गोल पाईप दुसऱ्या गोल पाईपवर तिरका बसवायचा तर त्याचं टोक माशाच्या उघड्या तोंडासारखं कापावं लागतं, आणि प्रत्येक जॉइंटला कोन वेगळा. किटमधल्या पाईपचे सगळे तोंड मशीनवर कापलेले होते आणि इतके बरोबर की दोन पाईप एकमेकाला लावले की मधून हॅक्सॉचं पान जाणार नाही. मी स्वतः एक जास्तीचा आडवा पाईप सीटच्या मागं टाकला, तो कटरनं कापायला पाऊण तास घातला, कागदाचा साचा करून गुंडाळून मार्किंग केलं, तरी ४ एमएमची फट राहिली, मग त्यात रॉड जाळत बसलो. असे तोंड घरी काढायचे म्हणले असते तर मी अजून पाईपच घासत असतो आणि चासी वाकडी ती वाकडी. म्हणून ज्याला वाटतं की जालन्यातून पाईप आणतो आणि व्हिडिओ बघून करतो त्यानं आधी दोनच पाईप ४० डिग्रीत जोडून बघा, मग बोला.

आता तक्रारी.

पहिली पाईपच्या जाडीची. जाहिरातीत लिहिलेलं सगळा पाईप अडीच एमएम. माझे साडू वाळूजला एका व्हेंडरकडं क्वालिटीला आहेत, ते रविवारी जेवायला आले ते खिशात व्हर्नियर घेऊनच, आणि जेवणाच्या आधी मापं काढली. डोक्यावरचा मेन हूप, म्हणजे वाकवलेली कमान, अडीच, बाकी बाजूचे सगळे दोन. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं पिथमपूरला बाहा स्पर्धेसाठी ज्या गाड्या बनवतात त्यांच्या रूलबुकात मेन पाईपला साधारण २५ एमएम बाहेरचा व्यास आणि ३ एमएम जाडी मागतात, माझा पाईप व्यासाला ३२ आहे म्हणून ताकदीत तेवढा मार खात नाही, पण सांगितलं अडीच आणि दिलं दोन हे खोटंच. फोन केला तर म्हणे साहब साइड के पाईप को लोड नहीं आता. पलटी झाल्यावर लोड कुठून येतो ते गाडीला माहीत असतं का? मी दोन्ही दाराच्या जागी एकेक तिरका पाईप अजून टाकला, खर्च माझा.

दुसरी तक्रार ड्रॉइंगची, पण ह्यात अर्धी चूक माझी. ब्रॅकेटचे साचे पीडीएफमध्ये एकास एक मापाचे दिलेले, प्रिंट काढायची, पत्र्यावर चिकटवायची, कापायचं. मी झेरॉक्सवाल्याकडं गेलो, त्यानं नेहमीच्या सवयीनं पानात बसेल असं सेट करून छापलं आणि सगळं ४ टक्के बारीक आलं. मला कळलं कधी, तर इंजिनचे चारही माउंट वेल्ड करून झाल्यावर, बोल्टच जाईना. एक दिवस कापण्यात गेला. तेव्हा प्रिंट काढली की आधी पट्टी लावून माप बघा, आणि किटवाल्यानं बी पानावर १०० एमएमची एक रेघ छापायला काय हरकत होती, कोणी पण मोजून घेतलं असतं.

तिसरी आणि मोठी, जी वेबसाईटवर कुठंच लिहिलेली नाही. हे किट मारुती ८०० साठी आहे. ८०० चं इंजिन ७९६ सीसी, ३ सिलिंडर, ३७ च्या आसपास हॉर्सपॉवर, आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतं. बग्गीत हे सगळं, म्हणजे इंजिन गिअरबॉक्स एक्सल आणि पुढच्या चाकाचे नकल (चाक ज्याच्यावर बसतं आणि वळतं तो भाग) सकट, उचलून मागं ठेवायचं. आयडिया मस्त आहे, मागून ढकलणारी गाडी फुकटात मिळते, फक्त मागची चाकं वळू नयेत म्हणून जिथं स्टेअरिंगचा टाय रॉड लागायचा तिथं किटमधल्या त्या दोन लिंका टाकून चाक कायमचं सरळ बांधायचं. पण मग पुढच्या चाकाला नकल कुठून आणायचे? पुढचे तर मागं गेले! म्हणजे अजून एका ८०० चे पुढचे दोन नकल, हब, डिस्क, कॅलिपर पाहिजेत. विचारलं तर म्हणे हां वो तो लगेगा ही. मग लिहा ना बाबा. दाजींच्या ओळखीनं भंगार बाजारातून साडेसहा हजारात तो सेट मिळाला, नवीन माणसाला जास्तच पडेल.

जुनी गाडी घेताना दोन गोष्टी. एक, कार्बोरेटरवाली बघा, एमपीएफआय (कॉम्प्युटरनं पेट्रोल सोडणारी) घेतली तर ईसीयू म्हणजे तो कॉम्प्युटर, सेन्सर आणि वायरिंगचा पूर्ण जुडगा उचलून आणावा लागतो आणि एक वायर चुकली की स्टार्टिंगच नाही. मी वायरिंगच्याच धंद्यात आहे तरी त्या वाटेला गेलो नाही. ८०० बंद होऊन २०१४ पासून बरीच वर्षं झाली पण पार्ट अजून कोणत्याही तालुक्याला मिळतो, ह्या किटवाल्यानं ८०० निवडली हे त्याचं शहाणपण मानतो. दुसरी गोष्ट कागद. भंगारवाला म्हणतो गाडी न्या, कागदाचं काय करता. नाही. मूळ मालकाची सही, आरसी, विकल्याची पावती सगळं घ्या आणि आरसी रद्द करून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ मध्ये आहे की गाडी कायमची मोडीत काढली तर मालकानं १४ दिवसात आरटीओला कळवायचं. उद्या त्याच इंजिनचा नंबर कोणत्या चोरीच्या प्रकरणात निघाला तर तुमच्या शेडमध्ये उभं असलेलं इंजिन तुमचंच. मला गाडी कागदासहित ३१ हजाराला पडली, त्यातले दरवाजे, सीटा, काचा विकून ९ हजार परत आले.

वेल्डिंगबद्दल लिहायला लागलो तर वेगळा लेख होईल. किटवाला म्हणतो ४५ दिवसात गाडी. त्याच्याकडं सीओटू वेल्डिंग आहे, पोरं आहेत, थ्री फेज आहे. माझ्याकडं मळ्यातल्या शेडला सिंगल फेज आहे, संध्याकाळी सगळे घरी आले की १७० व्होल्टवर बसते, आणि मोटारीच्या थ्री फेजला आठवड्याची पाळी, एक आठवडा रात्री. मी ९,८०० ची इन्व्हर्टर आर्क मशीन घेतली, ती कमी व्होल्टेजवर बी चालते पण आर्क तुटक येतो, रॉड चिकटतो. मी वेल्डिंगला बसलो की शेजारच्या वस्तीवरच्या टीव्हीचं चित्र नाचायचं, एकदा डीपीचा फ्यूज गेला तेव्हा लायनमननं सरळ माझ्या शेडकडंच बोट दाखवलं, दुसऱ्या कोणाला विचारलं बी नाही. मग पहाटे ५ ते ७ काम करायचो. लग्नानंतर एवढ्या सकाळी मी कधी उठलेलो नाही.

चासी वाकू न देण्याचं खरं गुपित किटवाल्यानं नाही, आमच्या गवंड्यानं शिकवलं. वेल्ड थंड होताना पाईप त्या बाजूला ओढतो, एका बाजूनं सगळं वेल्ड करत गेलात तर चासी केळ्यासारखी होते. म्हणून आधी सगळीकडं नुसते टाके मारायचे, पूर्ण सांगाडा उभा करायचा, मग डावीकडं एक उजवीकडं एक असं करत भरायचं. आणि प्रत्येक वेळी कर्ण मोजायचे. शेडमधली शाहबादी फरशी वरखाली आहे म्हणून खाली दोन चॅनल टाकले, गवंड्यानं पाण्याच्या नळीनं ते लेव्हल करून दिले आणि दोरी धरून म्हणला, घराच्या पायाला जे करता तेच करा मालक, दोन्ही कोपरे तिरके मोजायचे, सारखे आले तर गुण्यात, म्हणजे काटकोनात. पहिल्यांदा मोजलं तर ११ एमएमचा फरक. चार टाके कापले, पट्टा लावून ओढलं, परत मारले, ३ वर आणलं. त्याला पैसे विचारले तर म्हणला गाडी झाल्यावर एक चक्कर द्या.

दोन सावधगिरी घरी करणाऱ्यांसाठी. काच न लावता दोन टाके मारले तर काय होतंय असं मला वाटलेलं, रात्री २ वाजता डोळ्यात वाळू भरल्यासारखं झालं, पाणी थांबेना, बायकोनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आणि गोठ्याचा विषय परत काढला. आर्कचा प्रकाश डोळ्याला भाजतो आणि ते लगेच कळत नाही, ५-६ तासांनी कळतं. दुसरं, सीटचा ब्रॅकेट किटमध्ये गॅल्वनाइज पत्र्याचा आला, मी तो तसाच वेल्ड केला, पांढरा धूर निघाला, शेड बंद होतं, आणि संध्याकाळी थंडी वाजून ताप. जस्ताच्या धुराचा ताप म्हणतात त्याला, जुन्या वेल्डरांना माहीत असतो, ते दूध प्या म्हणतात. दूध प्यायलो, ताप सकाळपर्यंत गेला, तो दुधामुळं गेला का आपोआप ते देव जाणे, पण पत्र्यावरचं जस्त आधी घासून काढा आणि दार उघडं ठेवा. ज्या ब्रॅकेटवर वेल्ड येणार तोच गॅल्वनाइज पाठवायचा, ह्याला मी अक्कल म्हणत नाही.

आता बुश. पुढच्या आर्मला ८ बुश लागतात, पाकिटात निघाले २. फोन केला, म्हणे भेजता हूं. महिना गेला. मग मी जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडं गेलो, ६० च्या पुढचे चाचा आहेत, मशीन त्यांच्याहून म्हातारं. आलेले २ बुश हातात घेतले, नखानं खरवडले, म्हणले ये तो कचरा है बेटा, आठों नये बनाता हूं. नायलॉनच्या रॉडमधून ८ काढले, आत स्टीलच्या नळ्या घातल्या, दुसऱ्या दिवशी दिले, नगाला १५० रुपये. एका बाजूला तिरका वेल्ड झालेला आर्म होता तो बी बघून सरळ करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. रिव्ह्यू किटचा आहे म्हणून, नाहीतर ५ स्टार चाचांना.

जुळणी झाल्यावरचे त्रास पटपट सांगतो. गिअर उलटे पडतात, कारण ८०० मध्ये दांडी पुढं जाते आणि इथं गिअरबॉक्स मागं, तर पहिला मागं ओढायचा आणि दुसरा पुढं ढकलायचा. किटवाला म्हणतो आदत हो जाती है. मला झाली, दाजींना झाली नाही, त्यांनी पहिल्याच वेळी दुसऱ्यात उचलून ठिबकच्या लॅटरलवरून नेली. लिव्हरच्या खाली एक उलटवणारा क्रँक टाकला तर सरळ होतं, मी केलं नाही, कंटाळा. ब्रेकला बूस्टर बसत नाही, पेडल दगडासारखं लागतं आणि पुढं वजन कमी म्हणून मातीत पुढची चाकं आधी जाम होतात, हळू चालवा हाच उपाय. रेडिएटर किटप्रमाणं सीटच्या मागं होता, ऑक्टोबरच्या उन्हात १० मिनिटात काटा वर, हवाच लागत नाही तिथं. उचलून नाकावर आणला, लांब पाईप टाकले, तर आता पाण्यात हवा अडकायला लागली. शेवटी गाडीचं तोंड बांधावर चढवलं, रेडिएटर सगळ्यात वर येईल असं, झाकण काढून इंजिन चालू ठेवलं, बुडबुडे निघून गेले, तेव्हापासून काटा अर्ध्यावर.

रंगाचं एकच. पावसाळ्याआधी रेड ऑक्साईड मारून टाका. मी जूनमध्ये मारू मारू म्हणत बसलो आणि जुलैत ९६ पाईप परत घासले.

पहिल्यांदा गाडी चालली ती पोळ्याला. ठरवलं नव्हतं, त्याच दिवशी कार्बोरेटर जमला. अण्णा बैलं धुऊन सजवत होते, आवाज ऐकून शेडपाशी आले, माझ्याकडं बघितलं नाही, गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "ह्याच्यात मोसंबीचे कॅरेट किती बसत्यात?" म्हणलं अण्णा एक बी नाही. "मग कामून केली?" उत्तर नव्हतं. पण बैलाचा एक गोंडा उरला होता तो त्यांनी स्टेअरिंगला बांधला आणि नारळ फोडायला आईला हाक मारली. तो गोंडा अजून आहे, ग्रीस लागून काळा झालाय.

चालते कशी? भारी. खरंच भारी. मोसंबीच्या दोन ओळीत १८-२० फूट अंतर असतं, तिथून तिसऱ्या गिअरमध्ये काढली की फांद्या दोन्ही बाजूनं वाऱ्यासारख्या जातात, ४५० किलोच्या गाडीला ८०० चं इंजिन म्हणजे म्हशीच्या जागी घोडं. कानाशी इंजिन, वर काही नाही, समोर काच नाही, तोंडात चिलटं. गवंड्याला कबूल केलेली चक्कर दिली, तो उतरल्यावर ५ मिनिटं बोलला नाही, मग म्हणला परत एक द्या.

आता जे सगळ्यात आधी विचारायला पाहिजे ते. रोडवर? नाही. किटवाल्यानं फोनवर सांगितलेलं आरटीओ का हो जाता है, सब करते हैं. काही होत नाही. मी एजंटला न विचारता सरळ ऑफिसात जाऊन विचारलं. आपल्याकडं नवीन गाडीचा नंबर मिळायचा तर आधी त्या मॉडेलला नियम १२६ खाली टेस्टिंग एजन्सीची मंजुरी लागते, पुण्याची एआरएआय, नगरची व्हीआरडीई असल्या, आणि ते कंपन्यांचं काम आहे, एका माणसाच्या एका गाडीचं नाही. जुन्या ८०० च्याच आरसीवर चालवतो म्हणाल तर कलम ५२ आडवं येतं, कंपनीनं दिलेल्या मूळ नोंदीत फरक पडेल असा बदल चालत नाही, २०१९ ला सुप्रीम कोर्टानं पण तेच सांगितलं. इंग्लंडात एकट्या गाडीची तपासणी करून पास करायची सोय आहे, म्हणून तिकडं किटचा धंदा चालतो. इथं नाही. नंबर नाही तर इन्शुरन्स नाही, आणि तसल्या गाडीनं कोणाला धक्का लागला तर ३ एकर पुरायचे नाहीत.

गावातले मला रोज म्हणतात, टाक व्हिडिओ, आनंद महिंद्रा तुला बी बोलेरो देतील. सांगलीकडच्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांचं ऐकलंच असेल, भंगारातून किक मारून चालू होणारी जीप केली, २०२२ ला महिंद्रांनी बोलेरो दिली. पण महिंद्रांनी तेव्हाच लिहिलेलं की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अडवतील, म्हणून बदल्यात बोलेरो देतो. हे अर्धं वाक्य कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आणि त्यांना खर्च आला होता ६० हजार, बिनकिटाचा, हे बायकोला कोणी सांगू नका.

माझा खर्च सगळं धरून २ लाख १० हजाराच्या वर गेला, विकलेल्या पार्टचे ९ हजार वजा केले तरी २ लाखाच्या खाली येत नाही. किटवाला दीड लाख सांगतो. वेळ ४५ दिवस सांगतो, मला दिवाळी ते पोळा लागला, दुकान सांभाळून.

तर कोणी घ्यावं? ज्याच्याकडं स्वतःची जागा आहे, थोडंफार वेल्डिंग येतं, आणि गाडीपेक्षा गाडी करण्यात मजा वाटते, त्यानं घ्या, पाईपचे तोंड खरंच पैसे वसूल आहेत आणि वाकवलेला हूप तसा घरी होत नाही. गाडीतून गावात फिरायचंय, कॉलेजवर भाव मारायचाय, त्यानं सेकंड हॅन्ड जिप्सी बघा. पैसे भरायच्या आधी विक्रेत्याकडून पाईपची जाडी आणि पार्टची पूर्ण यादी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या, फोनवरचं बोलणं धरू नका. फोन मात्र तो उचलतो, रात्री ११ ला बी उचलतो, टायमिंग बेल्टचं मार्किंग मला त्यानं व्हिडिओ कॉलवर अर्धा तास बसून दाखवलं, ते बी तितकंच खरं.

अण्णांनी मागच्या महिन्यात मागं एक पाळणा वेल्ड करून घेतला, त्यात २ कॅरेट बसतात. गोठ्याचे पत्रे ह्या बहाराला.

आणि बुश. काल परत फोन केला होता, ६ बुश बाकी आहेत म्हणलं. म्हणे पार्सल निघालंय साहेब, कल ट्रॅकिंग नंबर भेजता हूं. मार्चमध्ये पण हेच म्हणला होता. आले तर इथंच खाली टाकतो.